आळंदी ते पंढरपूर: थेट प्रक्षेपणाची वारी

आळंदी, प्रस्थान

आळंदीत ओबी व्हॅन, म्हणजे डिशवरून थेट चित्र पाठवणारी गाडी, आत न्यायची तर प्रस्थानाच्या आदल्या रात्रीच न्यावी लागते. उजाडलं की इंद्रायणीकडे उतरणारे सगळे रस्ते दिंड्यांचे होतात, तिथं सायकलसुद्धा शिरत नाही. आमची गाडी मध्यरात्रीच नदीपलीकडच्या एका वाड्याच्या अंगणात लागली. जागा निवडताना मी गर्दीच्या आधी झाडं पाहतो. आमचा उपग्रह जीसॅट-३०, ८३ अंश पूर्व रेखांशावर. आळंदीतून त्याच्याकडे डिश वळवायची तर तोंड दक्षिणेकडून जरा पूर्वेला आणि मान क्षितिजापासून जवळजवळ ६६ अंश वर. इतक्या उंचावर बघायचं असल्यामुळे समोरची दोन-तीन मजली घरं आड येत नाहीत. आड येते ती डोक्यावर पसरलेली चिंच नाहीतर वड. पावसात भिजलेल्या पानांतून १४ गिगाहर्ट्झचा किरण पार होत नाही. म्हणून अंगण साधं असलं तरी चालेल, पण दक्षिणेचं आभाळ मोकळं हवं.

डिशचा किरण जेमतेम सव्वा अंश रुंद असतो. चंद्राचं बिंब अर्ध्या अंशाचं, म्हणजे अडीच चंद्र शेजारीशेजारी मावतील एवढीच फट. त्या फटीतून साधारण ३६ हजार किलोमीटर दूरचा उपग्रह गाठायचा आणि बाजूच्या उपग्रहाला आपला धक्का लागू द्यायचा नाही. बीकन, म्हणजे उपग्रहाचा ओळखीचा सिग्नल, सापडला की लगेच प्रक्षेपण सुरू करता येत नाही. आधी उपग्रहाच्या नियंत्रण कक्षाला फोन, मग नुसती साधी लहर सोडायची, ते उलट्या ध्रुवीकरणात, म्हणजे लहरीच्या आडव्या-उभ्या दिशांपैकी जी आपली नाही तिच्यात, आपली गळती मोजतात, आपण फीड हॉर्न, म्हणजे डिशसमोरचं तोंड, केसभर फिरवत राहतो. त्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं की पॉवर टप्प्याटप्प्यानं वाढवायची. पहाटे तीनला हे चाललं असताना शेजारच्या ओट्यावर परभणीकडची एक दिंडी काकड आरतीची तयारी करत होती. त्यातल्या एका आजोबांनी विचारलं, ‘‘माउली, ही परात कुणाकडं बघती?’’ मी बोट दाखवलं. ते बराच वेळ त्या रिकाम्या आभाळाकडे बघत उभे राहिले.

मंदिरासमोरच्या गच्चीवरून गाडीपर्यंत आम्ही फायबर टाकली होती, रात्रीच, पत्र्यांवरून आणि कौलांवरून. ती का लागते हे दुपारी चारला कळतं. आमच्याकडे बॅकपॅकही होता. पाठीवर अडकवायच्या या पेटीत वेगवेगळ्या कंपन्यांची सहा सिमकार्डं असतात. चित्राचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा ज्या सिमला वाट मोकळी मिळेल तिकडून जातो आणि स्टुडिओतला सर्व्हर ते पुन्हा क्रमानं जोडतो. सकाळी या पेटीतून सुंदर चित्र जात होतं. दुपारी वीणामंडपात पालखी सजली, मानाच्या दिंड्या आत आल्या, बाहेर नजर पोचेल तिथपर्यंत हात वर आणि प्रत्येक हातात फोन. मोबाइलचं जाळं मुळात फोनवर माहिती उतरवण्यासाठी आखलेलं असतं, फोनवरून वर चढवण्याची वाट अरुंद असते. ती अरुंद वाट सगळ्यांनी एकाच क्षणी धरली. सहाच्या सहा सिमचे आलेख जमिनीला टेकले. सिम कितीही वाढवा, टॉवर तेच आणि गर्दीही तीच. त्या तासाला चित्र गेलं ते फायबरनं गच्चीवरून गाडीत आणि गाडीतून उपग्रहाला.

पुणे, दोन मुक्काम

पुण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंगा विठोबाला. शहरात टॉवर दाट, गर्दी विभागलेली, बॅकपॅक व्यवस्थित चालतो. लक्ष्मी रस्त्यावर आमच्यासारखे इतके जण पाठीवर पेट्या घेऊन फिरत होते की वारकऱ्यांनाही त्याचं नवल उरलेलं नाही.

हे एवढं सोपं झालंय त्याला यंत्राइतकाच नियमही कारण आहे. पूर्वी कार्यक्रम थेट दाखवायचा म्हणजे परवानगीचे कागद. २०२२ च्या अपलिंकिंग-डाउनलिंकिंगच्या मार्गदर्शक तत्त्वांनी थेट कार्यक्रमासाठीची परवानगी काढून फक्त आगाऊ नोंदणी ठेवली आणि बॅकपॅक, फायबर, मोबाइल यांसारख्या साधनांना वेगळी परवानगी लागणार नाही असं स्पष्ट लिहिलं. तालुक्याच्या गावातला दोन माणसांचा गट आज दिंडी थेट दाखवू शकतो, तो यामुळे. मला ही गोष्ट कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा मोठी वाटते.

पुणे ते सासवड, दिवे घाट

वारीतला सर्वांत कठीण दिवस हाच, चालणाऱ्यांचाही आणि आमचाही.

व्हॅन आदल्या दिवशीच घाटमाथ्यावर नेऊन ठेवली. एकदा वडकीतून वारी चढू लागली की गाडी हलवणं अशक्य. डिशचा हाच स्वभाव: ती जिथे उभी तिथेच तिचं राज्य. रथाबरोबर चालायचं तर बॅकपॅकच हवा, आणि घाटात तर डोंगराच्या कुशीत मोबाइलचा सिग्नल वळणागणिक बदलतो. एका वळणावर चार सिम जिवंत, पुढच्या वळणावर एक. म्हणून आम्ही तिसरी वाट तयार ठेवली होती. मधल्या एका वळणाच्या खांद्यावर तिकाटणं रोवून त्यावर रिसीव्हर बसवला. कॅमेऱ्यावरचा छोटा ट्रान्समीटर त्याला चित्र देणार आणि तिथून माथ्यावरच्या गाडीकडे थेट नजरेच्या रेषेत दुसरी कडी. या लहरींसाठी वारंवारतेचा परवाना लागतो, तो आधीच हातात होता.

रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या. रथापुढच्या २७ दिंड्या वळणावर आल्या तेव्हा मस्तानी तलावापासून आमच्या पायापर्यंत सगळा डोंगर पांढराशुभ्र दिसत होता. आणि त्याच वेळी वडकीच्या बाजूनं पाऊस आला.

केयू बँडवर, म्हणजे आमची डिश वापरते त्या लहरींच्या पट्ट्यावर, पावसाचं काय होतं ते टीव्हीवर डिश लावलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे. थेंबांचा आकार लहरीच्या लांबीच्या जवळ जातो, ते ऊर्जा गिळतात आणि विखरतात. आमच्या मीटरवर सिग्नल चार डेसिबल उतरला, मग सहा. मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर माहिती चढवायची पद्धत, आठ-टप्पीवरून चार-टप्पीवर आणलं. त्यानं चित्राचा दर्जा कमी होतो, पण दुवा टिकतो. पॉवर थोडी चढवली. तेवढ्यात बॅकपॅक घेऊन खाली वळणावर असलेला आमच्या गटातला मुलगा टॉकबॅकवर, म्हणजे आमच्या आपसातल्या बोलण्याच्या लाइनवर, ओरडला, ‘‘दादा, इकडं सगळी सिमं उठली!’’

कारण त्याच्यासमोरच घडत होतं. पाऊस येताच हजारो लोकांनी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कनवटीला लावले, इरली आणि कागद डोक्यावर ओढले आणि टाळ पुन्हा सुरू झाले. जाळ्यावरचा भार दोन मिनिटांत उतरला. डिश पावसात दबली तेव्हाच मोबाइलची वाट मोकळी झाली. आम्ही घाटातलं ते दृश्य, भिजलेल्या पताका आणि वाफाळणारे बैल, पूर्ण वेळ बॅकपॅकवरून दिलं. पाऊस थांबला, पिशव्यांतून फोन बाहेर आले, सिमं पडली, तोवर डिश पूर्ववत झाली होती.

थेट प्रक्षेपणाच्या धंद्यात नवीन माणूस येतो तेव्हा तो विचारतो, सर्वांत चांगलं साधन कोणतं. माझं उत्तर दिवे घाटातलं हे असतं: ज्यांची संकटं वेगळी आहेत अशी दोन साधनं बरोबर घे. दोन बॅकपॅक म्हणजे दोन साधनं नव्हेत, गर्दी दोघांनाही एकदमच गाठते.

जेजुरी

सासवडला सोपानकाकांच्या गावी विसावा झाला, कपडे वाळले. जेजुरीत वेगळंच प्रकरण. माउली खंडोबाच्या नगरीत येतात तेव्हा भंडारा उधळतात, हवा पिवळी होते. बॅकपॅकच्या आत प्रोसेसर आणि सहा मोडेम तापत असतात, त्यांना थंड ठेवायला छोटे पंखे सतत हवा ओढतात. हळद बारीक आणि तेलकट. ती जाळीत बसली की निघत नाही, पेटी गरम होते आणि स्वतःहून बंद पडते. आम्ही मलमलीचा दुहेरी तुकडा हवेच्या तोंडावर रबरानं बांधतो आणि दर अर्ध्या तासानं बदलतो. बाजारातली धुळीची गाळणी यापुढे निकामी आहे, हे अनुभवानं सांगतो. संध्याकाळी त्या तुकड्यांचा ढीग पाहून मुक्कामाच्या घरच्या काकू म्हणाल्या, ‘‘टाकू नका ओ, देवाचा भंडारा आहे,’’ आणि त्यांनी ते घडी करून देव्हाऱ्याशी ठेवले.

नीरा, लोणंद

वाल्ह्याचा मुक्काम आटोपून पुढच्या दिवशी नीरेच्या दत्त घाटावर पादुकांना स्नान. पुलावर उभं राहून घेतलेलं चित्र दरवर्षी तेच असतं, तरी दरवर्षी तेच हवं असतं. नदी ओलांडली की सातारा जिल्हा.

लोणंदच्या तळावर संध्याकाळी समाज आरती. याबद्दल सविस्तर सांगितलंच पाहिजे, कारण वारीतला आवाज कसा पकडायचा हे मला इथं समजलं. पालखी तळावर येते, दिंड्या भोवती रिंगण करून उभ्या राहतात. हजारो टाळ आणि शेकडो मृदंग एकाच वेळी. माइकच्या पातळीचा काटा लालमध्ये अडकून बसतो. मग चोपदार दंड उंच करतात. टाळ थांबतात, मृदंग थांबतात, शेवटच्या ओळीतलं शेवटचं बोलणंही थांबतं. एवढ्या माणसांच्या मैदानात लांबच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतं. ज्यांचं काही हरवलंय, ज्यांना काही सापडलंय, ज्या दिंडीची काही तक्रार आहे, ते त्या शांततेत सांगितलं जातं. मग आरती.

त्या शांततेच्या तिसऱ्या सेकंदाला स्टुडिओतून फोन आला: ऑडिओ गेला, केबल बघा. मी म्हटलं, गेला नाही, कोणी बोलतच नाहीये. पलीकडे विश्वास बसेना, त्यांना तो दोषच वाटत होता. अशा वेळी कॅमेऱ्यातलं आवाज आपोआप वाढवणारं बटण चालू असेल तर ते शांततेला कमी सिग्नल समजून वर खेचतं आणि घरच्या माणसाला जनरेटरची घरघर आणि वाऱ्याचा फुफाटा ऐकू येतो. ते बटण आम्ही मुक्कामाला पोचण्यापूर्वीच बंद केलं होतं, जनरेटर गाडीपासून लांब वाऱ्याच्या उलट बाजूला लावला होता आणि एक माइक मैदानाच्या मध्याकडे तोंड करून काठीवर बांधला होता. म्हणून घराघरांत पोचली ती खरी शांतता. तिच्यात एका माणसाचा आवाज: कुणाचीतरी तुळशीची माळ सापडली आहे.

चांदोबाचा लिंब

तरडगावच्या अलीकडे पहिलं उभं रिंगण. रस्त्यावर दोन्ही बाजूंना वारकरी भिंतीसारखे उभे राहतात आणि मधून अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व धावतात: एकावर जरीपटक्याचा स्वार, दुसरा माउलींचा, त्यावर कोणी बसत नाही. हे सगळं काही क्षणांत होतं आणि पुन्हा घ्या म्हणायची सोय नाही.

इथं केबल टाकता येत नाही, घोड्याच्या टापेत येईल. बिनतारी कॅमेराच लागतो. आणि त्याचा शत्रू म्हणजे माणसाचं शरीर. शरीरात पाणी जास्त, आणि मायक्रोवेव्ह लहरी पाण्यात विरतात. कॅमेऱ्याच्या मागे चार माणसं दाटली की शंभर मीटरवरच्या गाडीला चित्र मिळेनासं होतं. उपाय उंचीचा. कॅमेऱ्यावरचा अँटेना दांडीनं माणसांच्या डोक्यावर काढायचा आणि रिसीव्हरचे अँटेना दोन वेगळ्या ठिकाणी, एक गाडीच्या मास्टवर आणि एक समोरच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. ज्याला ज्या क्षणी स्वच्छ मिळेल त्याचं घ्यायचं. धावलेला अश्व पुढे गेला, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला रस्त्यावर उतरले आणि आमचा कॅमेरामन त्या गर्दीत दिसेनासा झाला. चित्र मात्र तुटलं नाही. मातीकडे झुकलेली एक म्हातारी, तिच्या बोटांच्या चिमटीतली माती, आणि ती कपाळाला लावायच्या आधी तिनं शेजारणीच्या कपाळाला लावली. हे घरी बसलेल्यांनी त्याच क्षणी पाहिलं.

फलटण, बरड, नातेपुते

हे दिवस चालण्याचे आणि चार्जिंगचे. एक बॅटरी साधारण अडीच तास पुरते, दिवसाला तीन-चार लागतात आणि गावागावांत घरांच्या ओसरीवर वायरींची जत्रा भरलेली असते. कुणी पैसे घेत नाही. फलटणला एका घरी आजींनी विचारलं, लेक कॅनडात आहे, तिला आपलं दार दिसेल का? पालखी त्यांच्या दारावरून जाताना कॅमेरामननं कॅमेरा जरा जास्त वेळ त्या दाराकडे ठेवला. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागला.

पुरंदवडे, गोल रिंगण

मोठं मैदान, चार कॅमेरे गाडीला जोडलेले आणि पाचवा बॅकपॅकवर वारकऱ्यांच्या आत. या दिवशीची खरी लढाई वेळेशी.

उपग्रहापर्यंत जाऊन परत येणं म्हणजे ७२ हजार किलोमीटरच्या आसपास. प्रकाशाच्या वेगानंही त्याला पाव सेकंद लागतो, वर चित्र आवळायला आणि सोडायला आणखी. बॅकपॅकमध्ये उशीर आपण स्वतः ठरवतो. मुलाखतीला एक सेकंद ठेवतात म्हणजे अँकरला ताटकळावं लागत नाही. गर्दीत पाच सेकंद किंवा जास्त ठेवतात म्हणजे हरवलेले तुकडे पुन्हा मागवायला अवधी मिळतो. आता विचार करा: गाडीचं चित्र दीड सेकंद मागे, बॅकपॅकचं पाच सेकंद मागे. अश्व पूर्ण वेगात धावतोय आणि दिग्दर्शकानं गाडीच्या कॅमेऱ्यावरून बॅकपॅकवर उडी घेतली, तर पडद्यावर अश्व साडेतीन सेकंद मागे जातो आणि तेवढंच अंतर दुसऱ्यांदा धावतो. टाळांचा ठेकाही अडखळतो. ज्याला वारी कळते त्याला ते लगेच खटकतं.

म्हणून रिंगणाआधी आम्ही एकाच टाळाची जोडी दोन्ही कॅमेऱ्यांसमोर वाजवून घेतो, स्टुडिओत दोन्ही फीडमधला फरक मोजतात आणि उपग्रहाचं चित्र मुद्दाम तेवढं थांबवतात. एका दिंडीचे टाळकरी बुवा स्वतः पुढे आले, म्हणाले, ‘‘सरळ वाजवतो, ठेका नको ना?’’ त्यांना काय हवंय ते सांगावं लागलं नाही. रिंगणात अश्वाच्या दोन फेऱ्या सलग दिसल्या, कुठंही जोड दिसला नाही.

वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी

वेळापूरच्या आधी धावा. उतारावरून सगळे पळतात, बॅकपॅकवालाही पळतो. भंडीशेगावच्या वाटेवर ठाकुरबुवांच्या समाधीजवळचं रिंगण झालं, मग बाजीरावाची विहीर, आणि वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र.

वाखरीत मोबाइलचं जाळं वारीतलं सर्वांत कठीण. कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करतात, तरी माणूस त्याहून जास्त. आम्ही तिथं बॅकपॅकवर विसंबतच नाही. तो रेकॉर्डिंग करत चालतो, पाठवतो रात्री दोनला, लोक झोपल्यावर. थेट चित्र सगळं डिशवरून. आभाळ त्या दिवशी ढगाळ पण कोरडं होतं, आणि मला एवढं पुरे होतं.

पंढरपूर

दशमीच्या रात्री गाडी ठरवून दिलेल्या जागी लागली. डिश उघडताना आळंदीचे आकडे समोर ठेवले: तिथं उंचीचा कोन जवळजवळ ६६ अंश, इथं साडेसदुसष्ट. एवढी पायपीट होऊन उपग्रह आपल्यासाठी दोन अंशांहून कमी वर सरकलेला.

एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते महापूजा, तिचं चित्र आतल्या कॅमेऱ्यांवरून सर्वांना एकच मिळतं. आमचं काम बाहेर, चंद्रभागेच्या वाळवंटात. तिथं पहाटे साडेतीनला लोक थंड पाण्यात उतरत होते. ओली वाळू, दक्षिणेला मोकळं आभाळ, एकही झाड नाही. इतकी चांगली जागा वारीत दुसरी नाही.

पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला की पालख्या परत निघतात. परतीची वाटही पायीच, माउली आषाढ वद्यात आळंदीला पोचतात. त्या वाटेवर माणसं थोडी, मुक्काम छोटे आणि कॅमेरे जवळजवळ नाहीतच. पण बॅकपॅकच्या दृष्टीनं पाहिलं तर तीच उत्तम वाट: गर्दी नाही, जाळं मोकळं, ओबी व्हॅनचा खर्च नाही, एक पेटी आणि दोन माणसं पुरतात. जाताना ज्यांनी दारात पाणी ठेवलं, तीच माणसं येतानाही दारात उभी असतात आणि त्यांची परतीची माउली आजवर कुणी सलग दाखवलेली मी पाहिलेली नाही. तसा प्रस्ताव मी पंढरपूरहूनच पाठवला आहे. मलमलीचे तुकडे, चार बॅटऱ्या आणि सहा सिमं वेगळी काढून ठेवली आहेत.